पाहण्याची आतषबाजी आणि उडवण्याची आतषबाजी

फटाक्यांवर बंदी घालावी की घालू नये, हा वाद दर वर्षी आश्विनात उभा राहतो आणि तुळशीच्या लग्नाबरोबर निजतो. वाद घालणारे दोन्ही पक्ष इतिहासाचा हवाला देतात. एक पक्ष म्हणतो, ही आपली अनादि चाल आहे आणि तिच्यावर हात टाकणारा तो औरंगजेब. दुसरा म्हणतो, ही चीनची परकी चैन, दिवाळीशी तिचा संबंधच काय? आम्ही नांदेड-लातूरकडची माणसे. औरंगजेब आणि एकनाथ हे दोघेही आमच्या शेजारचे; एकाचा दख्खनचा सुभा औरंगाबादेतून चाले, आणि दुसरे पैठणचे. तेव्हा आधी या दोन शेजाऱ्यांची साक्ष काढावी आणि मग आजच्या न्यायालयांकडे वळावे, असा आमचा विचार आहे. साक्ष काढल्यावर दिसते ते असे की, दोन्ही पक्ष अर्धे अर्धे चुकतात, आणि ज्या गोष्टीवर खरोखर वाद व्हायला हवा ती बाजूलाच राहून जाते.

प्रथम शब्दाचे पाहू. मराठीत पिण्याची ती दारू आणि उडवण्याची तीही दारूच. त्यामुळे ‘दारूबंदी’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, आणि दोन्हीकडे तिची गत एकच होते, असे कुणी म्हटले तर त्याला आम्ही फारसा विरोध करणार नाही. मूळ फारसी शब्दाचा अर्थ मात्र औषध. चिनी भाषेतही या चूर्णाला ‘अग्नि-औषध’ अशाच अर्थाचे नाव आहे, कारण नवव्या शतकाच्या सुमारास तिकडच्या किमयागारांना अमर होण्याचे रसायन शोधता शोधता ते हाती लागले. सोरा, गंधक आणि कोळसा, हल्लीच्या हिशेबाने साधारण ७५, १० आणि १५ या प्रमाणात. एवढ्यावर तोफही चालते आणि भुईनळाही फुलतो. १७६० च्या फेब्रुवारीत आमच्या उदगीरजवळ सदाशिवरावभाऊ आणि निजाम यांच्या फौजांची गाठ पडली, तेव्हा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी जो पराक्रम केला तो याच चूर्णाच्या बळावर. लढाईची दारू आणि शोभेची दारू या सख्ख्या बहिणी आहेत. धाकटीला लोक लाडाने वागवतात, इतकेच.

या धाकट्या बहिणीचा भारतातला इतिहास पुण्याच्या भांडारकर संस्थेतले पंडित परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली एका स्वतंत्र प्रबंधात मांडला. गोडे यांनी गोळा केलेल्या पुराव्यांत पंधराव्या शतकापासूनच्या आतषबाजीची वर्णने आहेत. त्यांतले एक १४४३ सालचे. हेरातच्या शाहरुख बादशहाचा वकील अब्दुल रझाक याने विजयनगरच्या महानवमी उत्सवात दारूकाम पाहिले आणि ते लिहून ठेवले. म्हणजे ही चाल अनादि नव्हे. रामाने लंकेहून परत येताना भुईनळे पाहिले नसावेत, एवढे तरी मान्य करावे लागते.

पण तेवढ्याने दुसऱ्या पक्षाचे साधत नाही. एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले ते शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, काशीस. त्यात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नसोहळ्यात दारूकामाचा थाट आहे. ही गोष्ट गोडे यांनी टिपली आणि आम्हाला ती फार मोलाची वाटते. द्वारकेच्या काळात दारू नव्हती हे कुणी पंडित सांगेल. परंतु नाथांनी लग्नाचे जे चित्र काढले ते आपल्या डोळ्यांसमोरच्या दख्खनचे. त्यांच्या श्रोत्यांना वरात म्हटली की आतषबाजी आठवत असली पाहिजे. त्याशिवाय कवी तिला देवाच्या लग्नात कशाला नेईल? तेव्हा साडेचारशे वर्षांपूर्वी गोदावरीकाठी ही परकी चैन घरची झाली होती. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू परकी म्हणून टाकायची ठरवली, तर मिरचीचे काय करायचे, हाही प्रश्न उभा राहील.

आता या जुन्या नोंदी पुन्हा एकदा वाचाव्या आणि एकच प्रश्न विचारावा: दारू उडवतो कोण आणि पाहतो कोण? विजयनगरात उडवणारे राजाचे कारागीर, पाहणारी सारी राजधानी. १६०९ साली मलिक अंबराच्या मुलाचे लग्न विजापूरच्या एका सरदाराच्या मुलीशी झाले. त्यात इब्राहिम आदिलशहाने नुसत्या दारूकामावर सुमारे ८०,००० रुपये खर्च केल्याचे इतिहासकार सांगतात. उडवणारे तिथेही पगारी आतषबाज. पेशव्यांच्या बखरीत एक गमतीची हकीकत आहे. महादजी शिंदे पुण्यास आले असता त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तिथला राजा चार दिवस लक्षावधी दिवे लावतो, आणि शहराबाहेर दारूची लंका उभारून रावण, राक्षस, वानर आणि मारुती यांच्यासह ती जाळतो. तरुण पेशव्यांना ते ऐकून राहवले नाही. त्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा करवला आणि पुणेकरांनी तो पाहिला. महादजींचे ते पुण्यातले वास्तव्य १७९२ ते १७९४ मधले, तेव्हा हा देखावा त्याच वर्षांतला. दिवाळी आणि दारूकाम यांचा संबंध नाकारणाऱ्यांनी ही पर्वतीखालची लंका ध्यानात घ्यावी. पण हेही ध्यानात घ्यावे की ती लंका एकच होती, गावाबाहेर होती, आणि तिला बत्ती लावणारा हात जाणत्या माणसाचा होता.

सामान्य घरात त्या काळी दिवाळी होती ती दिव्यांची. आमच्या मराठवाड्यात गुराखी पोरे लव्हाळ्याची दिवटी विणतात, ती पेटवून गोठ्यातल्या गाईम्हशींना ओवाळतात आणि घरोघर फिरून दाणा-पैसा मागतात. ही चाल अनेक गावांत अजून आहे. आग तीच, पण कानठळी नाही. नांदेडला तख्त सचखंड हजूर साहिब येथे दिवाळीच्या सुमारास ‘तख्त स्नान’ होते. संगत घागरींनी गोदावरीचे पाणी आणते, तख्त आणि गुरूंची शस्त्रे धुतली जातात आणि मग दीपमाळा लागतात. तिथेही उत्सवाचा गाभा पाणी आणि उजेड हाच आहे.

आता औरंगजेब. बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात ८ एप्रिल १६६७ चा एक कागद आहे. त्यात बादशहाचा हुकूम असा: साऱ्या सुभ्यांच्या मुत्सद्द्यांना लिहावे की आतषबाजी मना केली आहे, आणि फौलादखानाने शहरात दवंडी पिटवून तीच ताकीद द्यावी. या कागदात दिवाळीचे नाव नाही, हिंदूंचे नाही, कोणत्याच सणाचे नाही. आतषबाजी तेवढी बंद. याच बादशहाने दोन वर्षे आधी, १६६५ साली, अहमदाबादच्या बाजारात दिवाळीची रोषणाई करू नये असा हुकूम काढला होता. त्यात दिवाळीचे नाव स्पष्ट आहे आणि त्याचा हेतूही स्पष्ट आहे. तो झाकण्याचे कारण नाही. पण तो हुकूम दिव्यांविषयी होता. दोन निराळे कागद एकात कालवून ‘औरंगजेबाने दिवाळीचे फटाके बंद केले’ असे वाक्य तयार करायचे आणि आजच्या प्रत्येक न्यायाधीशाच्या कपाळी ते चिकटवायचे, याला इतिहास म्हणत नाहीत.

आतषबाजीवर आक्षेप घेणारे त्या शतकात इतरत्रही होते. आमच्याकडच्या मुसलमान वस्तीत शब-ए-बारातीला दारू उडवण्याची चाल होती. ही दिवाळीची नक्कल आहे, धर्मात हिला आधार नाही, असे दिल्लीचे शेख अब्दुल हक मुहद्दिस यांनी लिहून ठेवले. त्यांचे निधन १६४२ साली झाले. इकडे औरंगजेबाच्या हुकुमानंतर तीसच वर्षांनी, १६९७ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटाने फटाके करणे, विकणे आणि रस्त्यावर फेकणे यांना मनाई करणारा कायदा केला. लंडनचे लोक ख्रिस्ती, राजा ख्रिस्ती, फटाके उडवायचे निमित्तही त्यांच्याच उत्सवांचे. आगी लागत, डोळे जात, म्हणून कायदा झाला. कायदा असूनही फटाके उडत राहिले, हेही सांगून टाकले पाहिजे.

मग दारू राजाच्या मैदानातून आपल्या ओट्यावर आली केव्हा? हा बदल विसाव्या शतकातला, आणि त्याचे गाव शिवकाशी. १९२३ साली तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद आगपेट्या करण्याची विद्या शिकायला कलकत्त्यास गेले. आगपेटीपासून रंगीत काडी, रंगीत काडीपासून फटाका, असा तो धंदा वाढला. पुढे महायुद्धामुळे परदेशी माल येईनासा झाला, १९४० साली स्फोटक पदार्थांचे नवे नियम होऊन कारखान्यांना रीतसर परवाने मिळू लागले, आणि कोरडी हवा, कोरडी शेते आणि स्वस्त हात असलेल्या त्या तालुक्याने साऱ्या देशाचा माल पुरवायला घेतला. लवंगी, लक्ष्मीतोटा, चंद्रज्योत, भुईचक्र, सुतळी बॉम्ब यांना छापील वेष्टन आणि किंमत आली. जो खेळ एक राजा वर्षातून एकदा करी, तो आता कारकुनाचे पोरही चार आण्यांत करू लागले. हा लोकशाहीचाच एक लाभ आहे, असे कुणी म्हटले तर ते खोटे नाही. श्रीमंताची चैन गरिबाच्या हाती आली, याचा आनंद आम्हालाही आहे. फक्त त्याची किंमत कुणी दिली ते पाहावे लागेल.

शिवकाशीपर्यंत जायचे कारण नाही. आमच्याच जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात (लातूर १९८२ पर्यंत त्यातच होते) वाशी तालुक्यात तेरखेडा हे गाव आहे. सोलापूरहून बीडकडे जाताना येडशीच्या पुढे हमरस्त्यावर ते लागते. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे त्याला मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. तिथे कोरडवाहू शेतीवर भागत नाही अशा घरातले लोक, विशेषतः बायका, दारू भरण्याच्या आणि वळण्याच्या कामाला जातात. या पट्ट्यात अपघात नवे नाहीत. १ जानेवारी २०२३ रोजी शेजारच्या बार्शी तालुक्यात शिराळे-पांगरीजवळच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामावरच्या बायका दगावल्या. शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टीला सप्टेंबर २०१२ मध्ये जवळजवळ ४० माणसे एका दिवसात गेली. तेव्हा ‘बंदी घातली तर या लोकांच्या पोटाचे काय’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याच दमात ‘बंदी नसताना यांच्या जिवाचे काय’ हेही विचारले पाहिजे. आणि बंदी मागणाऱ्यांनी पहिल्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे; ते बहुधा देत नाहीत.

आता या वस्तूच्या पोटात काय असते ते थोडे समजून घेऊ, कारण वादात प्रकाश आणि आवाज यांची सरमिसळ होते. भुईनळा वर मोकळा असतो. दारू हळूहळू जळते आणि ठिणग्या फेकते. पांढरा लखलखाट ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्या भुकटीचा, हिरवा रंग बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा. सुतळी बॉम्बात मात्र ॲल्युमिनियमच्या भुकटीची जलद पेटणारी दारू कागदात कोंडून वरून सुतळी घट्ट आवळलेली असते. वायूला वाट मिळत नाही, म्हणून तो आवरण फोडून निघतो. म्हणजे आवाज ही दारूची शोभा नव्हे, ती कोंडमाऱ्याची करामत आहे. जुन्या दारूकामातही बार असत. पण कारागिराचे कसब उजेडात दिसे, आणि आजच्या घरगुती फटाक्यांत मात्र अर्धीअधिक हौस धमाक्याची असते.

या धमाक्याला कायद्याने माप लावले ते १९९९ साली. फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारा फटाका करू नये, विकू नये, उडवू नये, असा तो नियम आहे. नियम सरळ आहे, पण ज्याने तो लिहिला त्याने नांदेडचा इतवारा पाहिला नसावा. आमच्या जुन्या पेठांत समोरासमोरच्या दोन ओट्यांमध्ये ४ मीटर अंतर निघेल तर शपथ. तिथे पाळण्यातले मूल आणि फटाका यांच्यामध्ये एक दार असते, आणि दिवाळीत तेही उघडे. लातूरकडे तर आवाजाची निराळीच गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर त्या मुलखात जमिनीतून काही गडगडले की माणसे घर सोडून अंगणात येतात; २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीला असे आवाज झाले, तेव्हा गावकऱ्यांनी रात्री बाहेर काढल्या. ज्या माणसाने एकदा असा आवाज ऐकून घर गमावले, त्याच्या दारात सुतळी बॉम्ब लावणे याला सण म्हणावे काय, हा प्रश्न आम्ही धर्मपंडितांना नव्हे, शेजाऱ्यांना विचारतो.

न्यायालयांची कथा लांब आहे; आम्ही आमच्या गावांना लागू पडते तेवढीच सांगतो. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवण्यास मनाई केली. पुढे दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या पालकांनी २०१५ साली अर्ज केला. त्यावरचा २३ ऑक्टोबर २०१८ चा निकाल सगळ्यांनी एकदा नीट वाचावा असा आहे. न्यायालयाने सरसकट बंदी घातली नाही. दिवाळीला आणि गुरुपुरबासारख्या सणांना रात्री ८ ते १० एवढीच मुभा, बेरियमचे क्षार बंद, कमी धुराचे ‘हरित’ फटाके तेवढे चालतील, आणि जोडफटाके, म्हणजे ज्याला आपण लड म्हणतो, ती करण्यास, विकण्यास आणि उडवण्यास बंदी. हुकूम मोडला गेल्यास त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा अधिकारी व्यक्तिशः जबाबदार. हा हुकूम फक्त दिल्लीपुरता नाही, देशभर आहे, असे न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी पुन्हा बजावले. हरित फटाक्यांची कृती नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने बसवली. त्यांतून हवेत उडणारे कण किमान ३० टक्क्यांनी कमी होतात, असे सांगतात. म्हणजे ७० टक्क्यांपर्यंत उरतात, हे गणित कुणी सांगत नाही.

आता लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वह्यांची पूजा आटोपली की व्यापारी मंडळी दुकानापुढे लड अंथरतात. जितकी लड लांब तितकी पेढीची पत मोठी, असा एक समज आहे. २०१८ पासून ही प्रत्येक लड सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाविरुद्ध आहे. किती लोकांना हे ठाऊक आहे? आमच्या मते शेकड्यास पाचांनाही नाही, आणि ज्या पाचांना आहे ते पोलिसांना दिवाळीचा फराळ देतात.

महाराष्ट्रात हा वाद राजकारणात शिरला तो २०१७ साली. दिल्लीतल्या विक्रीबंदीचा हुकूम ऑक्टोबरात निघताच तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी इथेही निवासी भागात विक्री बंद करण्याची भाषा केली. लगेच त्यांच्याच पक्षाचे संजय राऊत विरोधात उभे राहिले, आणि राज ठाकरे यांनी, फटाके आता काय व्हॉट्सॲपवर फोडायचे, अशा अर्थाचा टोला मारला. टोला झकास होता. लोक हसले आणि प्रश्न वाहून गेला. २०२० साली करोनाच्या दिवसांत आमच्याच जालन्याचे राजेश टोपे आरोग्यमंत्री होते. फुप्फुसाच्या रोगाच्या वर्षी धूर नको, असे त्यांनी सांगितले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मात्र बंदी न घालता लोकांनी स्वतःहून आवरावे असे आवाहन केले. या दोघांच्याही पुष्कळ आधीपासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीचे संकल्प मुलांकडून करवून घेत होते आणि वाचलेल्या पैशांची पुस्तके घ्यायला सांगत होते. आम्हाला हा मार्ग मंत्र्यांच्या आवाहनांहून अधिक भरवशाचा वाटतो. मूल बापाला जितके धाकात ठेवते तितके ठाणेदार ठेवू शकत नाही.

‘हा दिल्ली-मुंबईचा प्रश्न, आमच्याकडे हवा चांगली आहे’ असे आपल्याकडे नेहमी म्हणतात. २०१९ पासून केंद्राने हवेच्या शुद्धीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आखला, त्यात ठरलेल्या मापात न बसणाऱ्या शहरांची यादी आहे. महाराष्ट्रातल्या १९ शहरांच्या त्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर यांच्या पंगतीला लातूर बसले आहे. नांदेड त्यात नाही. नांदेडकरांनी त्याचा अभिमान जरूर बाळगावा आणि तो टिकवावा. लातूरच्या हवेचे खापर फटाक्यांवर फोडणे अर्थातच अन्याय होईल. रस्त्यांची धूळ, वाहने आणि जाळलेला कचरा हे तिचे बाराही महिन्यांचे धनी आहेत, फटाके चार दिवसांचे. परंतु दमेकऱ्याला वर्षाची सरासरी काढून श्वास घेता येत नाही. त्याला तीच रात्र काढायची असते. शिवाय दिवाळीच्या सुमारास आमच्या शिवारात सोयाबीनच्या वाळलेल्या गंजी उभ्या असतात. एका भरकटलेल्या बाणाला खळ्याचा पत्ता कुणी द्यावा लागत नाही.

बंदीविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. तो असा: दिवाळीलाच का? निवडणूक जिंकली की बार, क्रिकेटचा सामना जिंकला की बार, वरातीत घोड्याच्या पायाशी बार, इंग्रजी नववर्षाला बार. हा मुद्दा खरा आहे. तो ज्यांनी मांडला त्यांना उत्तर एवढेच की, १२५ डेसिबलचे माप बाराही महिने लागू आहे आणि रात्री दहानंतरची मनाई वरातीलाही आहे. ती तिथे पाळली जात नाही म्हणून दिवाळीतही पाळू नये, हा न्याय उलटा झाला. दिल्लीलाच का, असाही एक भाऊ या मुद्द्याला आहे, आणि त्याची गंमत अशी की २०२५ साली दोन मराठी न्यायमूर्तींच्या पीठांनी त्याच्या दोन बाजू दाखवल्या. एप्रिलमध्ये न्या. अभय ओक यांच्या पीठाने दिल्लीची बंदी सैल करायला नकार दिला. रस्त्यावर राबणाऱ्याला हवा गाळण्याचे यंत्र परवडत नाही, हे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. सप्टेंबरात सरन्यायाधीश भूषण गवई यांनी विचारले की, शुद्ध हवेचा हक्क राजधानीतल्यांनाच का, धोरण असेल तर ते साऱ्या देशाला असावे. आणि १५ ऑक्टोबरला त्यांच्या पीठाने दिल्लीत दोन दिवस, सकाळी एक तास आणि रात्री दोन तास, हरित फटाक्यांना मुभा दिली. ठाण्या-अमरावतीच्या दोन सज्जनांना एकाच वर्षात निराळे दिसले, यावरून हा प्रश्न एका बाजूने सोपा नाही, एवढे तरी सिद्ध होते.

नुसत्या बंदीचा अनुभव इतरांनीही घेतला आहे. बीजिंगने १९९३ साली शहरात फटाके बंद केले. चीनसारख्या सरकारालाही ते बारा वर्षांनी, २००५ साली, सैल करावे लागले, आणि पुढे पुन्हा आवळावे लागले. नेदरलँड्सच्या संसदेने २०२५ साली जो कायदा केला तो आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे नववर्षाला घरोघर फटाके उडवण्यास मनाई आहे, पण लोकांच्या मंडळांनी नगराध्यक्षाची परवानगी घेऊन एकत्र आतषबाजी करायला वाट ठेवली आहे. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ च्या निकालात हेच सुचवले होते: नेमलेल्या जागी, नेमलेल्या वेळी, सगळ्यांनी मिळून. पर्वतीखालची लंका याहून निराळी काय होती?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे की, वाद ‘आतषबाजी हवी की नको’ असा नाही, ‘पाहण्याची हवी की उडवण्याची’ असा आहे. पहिलीचे नमुने आमच्या शेजारी जिवंत आहेत. सोलापुरात संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. लोक दूरदूरहून ते पाहायला येतात, पोरे बापाच्या खांद्यावर बसतात, आणि घरी जाताना कुणाच्या खिशात सुतळी बॉम्ब नसतो. हाच थाट दिवाळीच्या एका रात्री नांदेडला आणि लातूरला एखाद्या मोकळ्या मैदानावर का होऊ नये? नगरपालिकांनी खर्च करावा, आडत बाजाराने आपल्या लडीचे पैसे त्यात घालावे, आणि काम तेरखेड्याच्या कारागिरांना द्यावे. बाई बंद खोलीत शेकड्याने बार वळते त्यापेक्षा, थोड्या दारूचे, अधिक कसबाचे आणि अधिक दामाचे काम तिला मिळेल. याने सगळ्या कारखान्यांचे भागेल असे आम्ही म्हणत नाही. काही बंद पडतील, आणि त्यांतल्या माणसांची सोय सरकारने आधी करावी, निकाल मागाहून लागू करावा.

यासाठी नवा कायदाही लागत नाही, आहे तोच वाचावा लागतो. २००८ च्या स्फोटक नियमांत दिवाळीच्या तात्पुरत्या दुकानांविषयी लिहिले आहे: दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर, दुकानांची तोंडे समोरासमोर नकोत, वस्तीपासून ५० मीटर दूर, आणि एका जागी ५० हून अधिक दुकाने नकोत. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) जिल्हा परिषदेच्या मैदानावर फटाक्यांची शंभराहून अधिक दुकाने लागलेली होती. भरदिवसा एकाला आग लागली आणि थोड्या वेळात सगळा बाजार, उभ्या असलेल्या गाड्यांसह, जळून गेला. माणूस एकही दगावला नाही. पुढच्या दिवाळीला परवाने कुणाला, किती आणि कुठल्या मैदानावर द्यायचे, हे आमच्या दोन्ही शहरांत श्रावण-भाद्रपदातच ठरते. ज्यांना काही म्हणायचे असेल त्यांनी फटाके वाजू लागण्याची वाट न पाहता त्या वेळी जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन ते म्हणावे.